हिप्परगा तलावावरचा तपकिरी, मान आखडून बसलेला पक्षी: बिटर्न की रातबगळ्याचे पिल्लू?

तुळजापूर रोड
२० जानेवारी, रात्री ९.१०

सर्वांना नमस्कार. मी सोलापुरातील एका माध्यमिक शाळेत विज्ञान शिकवते आणि आठवीच्या मुलांना महिन्यातून एका रविवारी पक्षी दाखवायला नेते. येत्या रविवारी हिप्परगा तलावावर जायचे ठरले आहे. शाळा दुपारची असल्यामुळे आज सकाळी मी एकटीच जाऊन जागा पाहून आले. तेथे दिसलेल्या एका पक्ष्याची ओळख मला पक्की करता येत नाही, आणि मुलांसमोर अंदाजाने नाव सांगणे मला योग्य वाटत नाही, म्हणून येथे विचारत आहे.

सूर्य नुकताच वर आला होता. सव्वासात झाले असावेत. तलावाचे पाणी मागे सरकले आहे, त्या कडेला पाणकणसाचा दाट पट्टा आहे आणि त्याला लागून वेड्या बाभळीची झुडपे अर्धी पाण्यात उभी आहेत. त्यांतील एका आडव्या फांदीवर, पाण्यापासून हातभर उंचीवर, हा पक्षी बसला होता. पहिल्या नजरेत मला ती तुटलेली फांदीच वाटली. अंगाने जाडसर, पाठीला पोक काढल्यासारखा, आणि मान तर जणू नाहीच. डोके थेट खांद्यांवर ठेवल्यासारखे दिसत होते. आकार गावरान कोंबडीएवढा किंवा किंचित मोठा. रंग मातकट तपकिरी, पण पाठीवर आणि पंखांवर फिकट पांढरे ठिपके होते. गड्ड्याच्या यात्रेत अक्षता सोहळा झाल्यावर एखाद्याच्या घोंगडीवर अक्षता अडकून राहाव्यात, तसे ते दिसत होते. छातीवर उभ्या अस्पष्ट रेघा. चोच जाड, वरून काळपट आणि खालून पिवळट. डोळा नारिंगी-पिवळा. पाय हिरवट पिवळे. मी जवळजवळ ४० मिनिटे थांबले, तेवढ्या वेळात त्याने दोनदा डोके वळवले, एवढीच काय ती हालचाल.

घरी येऊन मोबाइलमधील एका ॲपला छायाचित्र दाखवले. पहिल्या छायाचित्रावर त्याने युरेशियन बिटर्न असे उत्तर दिले आणि दुसऱ्यावर वंचक. पक्षी एकच, फांदी एकच आणि नावे दोन, त्यामुळे माझा गोंधळ वाढला. तलावावर जाळे टाकणाऱ्या मामांना विचारले तर ते म्हणाले, "ढोकरी आहे बाई ती." पण ते अशा सगळ्याच पक्ष्यांना ढोकरी म्हणतात.

दुसरा प्रश्न त्याच जागेचा आहे. बाभळीच्या खालच्या चिखलातून एक लहान, बुटका, लांब सरळ चोचीचा पक्षी माझ्या पायांपासून दहा-बारा पावलांवरून एकाएकी उडाला. उडताना त्याने घासल्यासारखा कर्कश आवाज काढला आणि वेडावाकडा उडत दूर निघून गेला. त्याचे छायाचित्र नाही. तो पाणलावा असावा असे वाटते, पण कोणता?

हे पक्षी ओळखताना नेमके काय पाहावे, हे मला मुलांना सांगता येईल अशा रीतीने कोणी समजावून दिले, तर फार मदत होईल.

होटगी तलाव
२० जानेवारी, रात्री ९.५५

नमस्कार मॅडम. माझ्या मते हा वंचक, म्हणजे आपला नेहमीचा भुरा बगळा असावा. हिवाळ्यात तो असाच मातकट तपकिरी दिसतो, छातीवर उभ्या रेघा असतात आणि पाण्याच्या कडेला तासन्‌तास न हलता बसण्याची त्याला सवयच असते. आपल्या भागात तर तो प्रत्येक ओढ्यावर आणि विहिरीच्या थारोळ्यावर दिसतो. जो पक्षी सर्वांत जास्त आहे त्याचा विचार आधी करावा, असे मला वाटते.

शेकाट्या
२० जानेवारी, रात्री १०.४०

मॅडम, आपण वर्णन इतके नीट केले आहे की छायाचित्राशिवायही उत्तर देता येईल. आपण पाहिलेला पक्षी रातबगळ्याचे पहिल्या वर्षाचे पिल्लू आहे. अधिक नेमके सांगायचे तर तो गेल्या पावसाळ्यात घरट्यातून बाहेर पडलेला असावा.

होटगी तलाव यांनी सुचवलेला विचार चुकीचा नाही, कारण आपल्याकडे वंचकच सर्वांत जास्त दिसतो. पण येथे तो बसत नाही, त्याचे कारण त्या अक्षतांमध्ये आहे. हिवाळ्यातील वंचकाच्या डोक्यावर, मानेवर आणि छातीवर गडद तपकिरी उभ्या रेघा असतात, मात्र त्याची पाठ सपाट, एकरंगी मातकट असते. तिच्यावर ठिपके नसतात. रातबगळ्याच्या पिल्लाच्या पंखांवर जी झाकणपिसे असतात, त्यांतील प्रत्येक पिसाच्या टोकाला थेंबासारखा पांढरट ठिपका असतो. दुर्बिणीतून पाहिल्यास हे ठिपके कसेही विखुरलेले नसून पिसांच्या रांगेप्रमाणे ओळीत बसलेले दिसतात. मुलांना हीच एक गोष्ट आधी दाखवावी.

आता बिटर्नविषयी. बिटर्न हेही बगळ्यांच्याच कुळातले पक्षी आहेत. युरेशियन बिटर्न आपल्या देशात हिवाळी पाहुणा आहे आणि त्याचे दर्शन दुर्मीळ आहे. तो रातबगळ्यापेक्षा मोठा असतो: रातबगळा साधारण ५८ ते ६५ सेंटिमीटर, तर तो सुमारे ७० ते ८० सेंटिमीटर. त्याच्या सोनेरी पिवळसर अंगावर काळ्या रेघांची आणि नागमोडी पट्ट्यांची नक्षी असते, वाळलेल्या पाणकणसाच्या पात्यांशी मिळतीजुळती. पांढऱ्या थेंबांचे ठिपके त्याच्यावर नसतात. शिवाय डोक्याचा वरचा भाग काळा असतो आणि चोचीच्या मुळापासून गालावर मिशीसारखी गडद पट्टी उतरलेली असते. आपल्या पक्ष्याच्या चेहऱ्यावर अशी पट्टी असती तर आपण ती नक्कीच नोंदवली असती.

जागेचाही विचार करावा. हा बिटर्न दाट पाणकणसाच्या आत राहतो, बाहेर उघड्यावर क्वचितच येतो. बाभळीच्या फांदीवर दिवसाढवळ्या ४० मिनिटे बसून राहणे हे त्याचे वागणे नव्हे. रातबगळ्याचे मात्र तेच वागणे आहे, कारण त्याचा दिवस म्हणजे विश्रांतीची वेळ असते.

पाण्यातील त्या बाभळींकडे संध्याकाळी पुन्हा जाऊन पाहा. जेथे एक पिल्लू दिवसभर बसते, तेथे बहुधा आणखीही असतात.

भीमाकाठ
२१ जानेवारी, सकाळी ७.२०

शेकाट्या यांच्याशी मी पूर्ण सहमत आहे. मॅडमनी ओळखताना काय पाहावे असे विचारले आहे, आणि या विषयात मी स्वतः एकदा मोठी चूक केलेली असल्यामुळे जरा सविस्तर लिहितो.

आपल्या वर्णनात एक वाक्य आहे, "मान तर जणू नाहीच." सगळा घोटाळा येथूनच सुरू होतो. बगळ्याच्या कुळात मान आखूड नसते, ती दुमडलेली असते. या कुळातील पक्ष्यांच्या मानेतील सहावा मणका इतरांपेक्षा लांब आणि वेगळ्या घडणीचा असतो, त्यामुळे मान तेथे बिजागरीसारखी वळून आत जाते. विश्रांती घेताना पक्षी ती संपूर्ण खांद्यांत ओढून घेतो आणि वरून पिसे फुगवतो. मग जो पक्षी मासा दिसताच झटक्यात लांब मान बाहेर फेकतो, तोच आपल्याला गोळ्यासारखा, बिनमानेचा दिसतो. थंडीच्या सकाळी तर फुगलेल्या पिसांमुळे त्याचा आकार आणखी फसवतो. म्हणून जाडसर, ठेंगणा, मान नसलेला या शब्दांवरून पक्ष्याची जात कळत नाही. त्यावरून एवढेच कळते की तो त्या वेळी बसलेला होता.

माझी चूक अशी झाली. काही वर्षांपूर्वी उजनीच्या फुगवट्यावर, पळसाच्या एका झाडाखाली, मी असाच एक तपकिरी पक्षी पाहिला आणि वहीत युरेशियन बिटर्न असे लिहून मोकळा झालो. दोन-तीन छायाचित्रे काढली, आनंदाने मित्रांना पाठवली आणि घरी आलो. पक्षी उडेपर्यंत मी थांबलो नाही. पुढे एका जाणत्या व्यक्तीने त्याच छायाचित्रातील पंखांवरचे ठिपके मला दाखवले, तेव्हा तो रातबगळ्याचे पिल्लू होता हे कळले. ठिपके माझ्यासमोरच होते, पण दुर्मीळ पक्षी दिसल्याच्या उत्साहात मला ते दिसलेच नाहीत. ती नोंद मी खोडली, पण त्या दिवशी मित्रांमध्ये तिची बातमी पसरली ती पसरलीच. तेव्हापासून बसलेल्या बगळ्याला मी तेथल्या तेथे नाव देत नाही. तो मान लांब करेपर्यंत किंवा उडेपर्यंत थांबतो.

आणि उडताना खरोखर सारे उघड होते. वंचक पाहा. चिखलात बसलेला असताना तो इतका मातकट असतो की पाऊल त्याच्याजवळ पडेपर्यंत दिसत नाही. मग तो उडतो आणि एका क्षणात पंख, पाठीचा मागचा भाग आणि शेपटी दुधासारखी पांढरीशुभ्र झालेली असते. जणू एक पक्षी बसला होता आणि दुसराच उडाला. वंचक हे नाव त्याला फार शोभते. रातबगळ्याच्या पिल्लाच्या पंखांत मात्र असा पांढरा भाग कोठेही नसतो. तेथे तपकिरीच रंग आणि त्यावर ठिपके. पंख रुंद आणि टोकाला गोलसर, पंखांची उघडझाप संथ, पाय शेपटीच्या जेमतेम बाहेर, आणि उडताना हमखास एक "वॉक" असा खरखरीत आवाज. काळोख पडल्यावर घरावरून असा एकच आवाज जाताना आपल्यापैकी अनेकांनी ऐकला असेल आणि तो कावळ्याचा समजला असेल. त्याच्या शास्त्रीय नावाचा, निक्टिकोरॅक्सचा, अर्थही रात्रीचा कावळा असाच आहे.

ॲपविषयी एवढेच सांगतो की त्याला दोष देण्याचे कारण नाही. आपण त्याला बसलेल्या पक्ष्याचे, अर्धवट फांद्यांआड गेलेले एक छायाचित्र दिले आणि त्याने त्यावरून अंदाज केला. मीही उजनीवर तेच केले होते. ॲपला निदान दुसरे छायाचित्र दाखवल्यावर मत बदलता आले; मला त्याला बराच वेळ लागला.

आणखी एका पक्ष्याकडे लक्ष वेधतो, कारण ठिपके दिसले म्हणजे रातबगळाच असे मुलांच्या मनात बसायला नको. हिरव्या बगळ्याचे पिल्लूही तपकिरी असते आणि त्याच्याही पंखांवर पांढरट ठिपके असतात. मात्र तो बराच लहान, साधारण वंचकाएवढा असतो. त्याचे ठिपके बारीक असतात, डोक्याचा माथा गडद काळपट आणि चोच सडपातळ, लांब व काळसर. रातबगळ्याच्या पिल्लाची चोच तिच्यापुढे थोराड दिसते. पाण्यावर ओणवलेल्या फांद्यांच्या सावलीत हा हिरवा बगळा एकटा बसतो, म्हणून तो एरवीही फारसा दिसत नाही.

पाणकणीस
२१ जानेवारी, दुपारी २.०५

भीमाकाठ काकांनी उडण्याविषयी लिहिले ते मला फार पटले. माझे गाव सीना नदीच्या काठी आहे आणि लहान बिटर्न मी तेथे लहानपणापासून पाहत आले आहे, म्हणून त्यांच्याविषयी थोडे लिहिते. बिटर्न म्हटले की सगळ्यांच्या डोळ्यांसमोर तो मोठा दुर्मीळ पाहुणा येतो, पण आपल्याकडे भेट होण्याची जास्त शक्यता आहे ती या लहान भावंडांशी.

तीन लहान बिटर्न लक्षात ठेवावेत. तांबूस बिटर्न ४० सेंटिमीटरच्या आसपास असतो. नर अंगभर नव्या मातीच्या घागरीसारखा तांबूस, तर मादी अधिक गडद, छातीवर रेघा आणि पाठीवर बारीक फिकट ठिपके असलेली. पिवळा बिटर्न त्याहूनही किंचित लहान आणि सडपातळ. बसलेला असताना फिकट पिवळट दिसतो, पण उडाला की पंखांची उड्डाणपिसे काळी असल्याचे एकदम कळते. बसलेल्या पक्ष्यात पिवळा आणि तांबूस ओळखणे कठीण जाते, उडालेल्यात ते सोपे होते: तांबूस बिटर्नचे पंख उडतानाही तांबूसच राहतात. तिसरा काळा बिटर्न, या दोघांपेक्षा मोठा, काळसर अंगाचा आणि मानेच्या बाजूला पिवळा पट्टा असलेला. पावसाळ्यात, पाणकणीस आणि लव्हाळे वाढलेले असतात तेव्हा, हे पक्षी संध्याकाळी गवतावरून खालच्या उंचीने एका बाजूकडून दुसऱ्या बाजूला जाताना दिसतात. दिसतात आणि लगेच आत बुडतात. पाहायला चार-पाच सेकंदच मिळतात.

एकदा, भाद्रपदात, आमच्या शेताच्या बांधाखाली ओढ्यात पाणी थांबले होते तेथे मी तांबूस बिटर्न अगदी जवळून पाहिला. मी चार पावलांवर होते आणि तो उडाला नाही. त्याने हळूहळू चोच आकाशाकडे केली, मान ताणून अंग इतके बारीक केले की मनगटाएवढे राहिले, आणि वाऱ्याने लव्हाळे हलले की तोही तितकाच डुलायचा. मला सर्वांत जास्त आठवतात ते त्याचे डोळे. चोच वर असूनही दोन्ही डोळे चोचीच्या खालच्या बाजूने सरळ माझ्याकडे पाहत होते. बिटर्नच्या डोळ्यांची ठेवण अशी असते की चोच आभाळाकडे ठेवूनही त्याला समोरचे दिसते. त्या दिवसापासून मला हे कळले की लपलेला बिटर्न आपल्याला पाहत असतोच.

मॅडमच्या पक्ष्याने ४० मिनिटांत एकदाही असे केले नाही, ही गोष्टही रातबगळ्याच्याच बाजूने जाते. रातबगळा धोका वाटला तर उडून जातो. पाणकणसात मिसळून जाण्याचा हा प्रकार तो करत नाही.

आता आपल्या दुसऱ्या पक्ष्याविषयी. चिखलात राहणारे आणि लांब चोचीचे दोन वेगळे गट आहेत, आणि मराठीत आपण दोघांनाही पाणलावा म्हणतो, म्हणून गोंधळ होतो. रंगीत पाणलावा हा खऱ्या पाणलाव्यांच्या कुळातला नाहीच. त्याचे कुळ निराळे आहे. तो आपल्याकडे वर्षभर राहतो. त्याच्या डोळ्याभोवती चष्म्यासारखे फिकट वलय असते आणि छातीजवळून एक पांढरा पट्टा खांद्यावर वळून जातो. या पक्ष्यात मादी जास्त मोठी आणि जास्त रंगीत, तिचा गळा व मान गडद तांबूस असते. अंडी उबवण्याचे आणि पिल्ले सांभाळण्याचे काम नर करतो. मुलांना ही गोष्ट नक्की सांगा. रंगीत पाणलावा उडतो तो जड, संथ, पाय लोंबकळत, आणि थोड्याच अंतरावर पुन्हा उतरतो. बहुधा तो आवाजही करत नाही. आपण सांगितलेला घासल्यासारखा आवाज आणि वेडावाकडा, दूरवर जाणारा उड्डाणमार्ग त्याच्याशी जुळत नाही. तो खऱ्या पाणलाव्यांपैकी एक, हिवाळ्यात उत्तरेकडून येणारा पाहुणा असावा.

शेकाट्या
२१ जानेवारी, संध्याकाळी ६.५०

पाणकणीस ताईंनी पाणलाव्याची वाट बरोबर दाखवली आहे. त्यात पुढची एक पायरी जोडतो, कारण आपल्या भागात हिवाळ्यात खरे पाणलावे दोन प्रकारचे भेटतात आणि ते एकमेकांपासून वेगळे करणे फार अवघड जाते.

साधा पाणलावा उडाला की पंखाच्या मागच्या कडेला एक स्पष्ट पांढरी रेघ दिसते. तो दचकून उडताना "स्कॅप" असा घासणारा आवाज काढतो आणि मागावरचा धोटा एका कडेवरून दुसऱ्या कडेला फेकला जावा, तसा डावीउजवीकडे झेपावत उंच चढतो. दुसरा पिनटेल स्नाइप. त्याच्या पंखाच्या कडेला अशी ठळक पांढरी रेघ नसते, उडताना पायांची टोके शेपटीच्या बाहेर जास्त डोकावतात आणि उड्डाण तुलनेने सरळ असते. त्याच्या शेपटीतील कडेची पिसे टाचणीसारखी बारीक असतात, त्यावरूनच हे नाव पडले; पण ती पिसे शेपटी पूर्ण पसरल्याशिवाय दिसत नाहीत, म्हणून काठावरून त्यांचा उपयोग जवळजवळ होत नाही. पिनटेल थोड्या कोरड्या जागेतही, म्हणजे पाणथळीच्या वरच्या गवतातही सापडतो, तर साधा पाणलावा ओला, मऊ चिखल सोडत नाही.

त्याला मऊ चिखलच का लागतो हे त्याच्या चोचीकडे पाहिले की समजते. ती साधारण ६ ते ७ सेंटिमीटर लांब असते आणि तिचे टोक लवचिक, मज्जातंतूंनी भरलेले असते. चोच मुळापर्यंत चिखलात खुपसूनही तो तिचे फक्त टोक उघडू शकतो आणि आतला किडा किंवा गांडूळ न पाहता, केवळ स्पर्शाने ओळखून धरतो. चिखल वाळून कडक झाला की हे जमत नाही. जानेवारीत आपल्या तलावांचे पाणी उतरत असताना दर दोन दिवसांनी नवा ओला पट्टा उघडा पडतो. पाणलावे त्या पट्ट्याबरोबर खाली सरकत जातात. म्हणून ते नेहमी पाण्याच्या अगदी ताज्या कडेला शोधावेत. गेल्या आठवड्याच्या जागी नव्हे.

मॅडम, आपला पक्षी उडाला तेव्हा पंखाच्या मागे पांढरी रेघ दिसली होती का? नक्की आठवत नसेल तर आठवल्यासारखे करू नये. त्याने नोंद बिघडते.

मुलांना घेऊन जाताना एक विनंती आहे. बाभळीवरील रातबगळ्यांना उडवून दाखवू नये. दिवसा त्यांना हाकलले तर ते उघड्यावर येतात आणि कावळे त्यांच्या मागे लागतात. संध्याकाळी ते आपोआप उडतात, फक्त थांबावे लागते.

होटगी तलाव
२१ जानेवारी, रात्री ८.३०

शेकाट्या आणि भीमाकाठ, आपले आभार. मी वंचकाच्या छातीवरील रेघांवरच विसंबून होतो, पाठीचा विचार केला नव्हता. आज घराजवळच्या ओढ्यावर वंचक पुन्हा नीट पाहिला. पाठ खरोखरच एकरंगी आहे, एकही ठिपका नाही. इतकी वर्षे रोज पाहिलेल्या पक्ष्याची पाठ मी आज पहिल्यांदा पाहिली.

एक विचारायचे आहे. रातबगळ्याचे हे पिल्लू काळ्या टोपीचे केव्हा होते? कारण सिद्धेश्वर तलावाकडे झाडांवर मला जे रातबगळे दिसले, ते सगळे राखी, काळे आणि पांढरे होते.

भीमाकाठ
२१ जानेवारी, रात्री ९.१५

एका पावसाळ्यात होत नाही. पिल्लू पहिले वर्ष असेच ठिपकेदार तपकिरी राहते. दुसऱ्या वर्षी ठिपके विरळ होतात, पाठ एकरंगी तपकिरी-राखाडी होऊ लागते आणि माथ्यावर गडद छटा येते. पूर्ण प्रौढाचा वेश येतो तो साधारण तिसऱ्या वर्षी. डोळ्यांचा रंगही त्याच क्रमाने पिवळ्याचा नारिंगी आणि नारिंगीचा तांबडा होत जातो. म्हणजे एकाच झाडावर तीन वेगवेगळ्या रूपांचे रातबगळे दिसू शकतात आणि ते तीन जातींचे वाटू शकतात.

प्रौढ पक्ष्याविषयी मात्र शंका घेण्याचे कारणच उरत नाही: काळी टोपी, काळी पाठ, राखी पंख, पांढरे पोट, लालभडक डोळा आणि डोक्यामागून पाठीवर उतरलेली दोन-तीन लांब पांढरी पिसे. विणीच्या दिवसांत त्याचे पिवळे पाय गुलाबी-तांबडे होतात. वंचकाचेही तेव्हा रूप पालटते, पाठ गडद तांबूस-जांभळट आणि डोके फिकट पिवळट होते. तेव्हा पावसाळ्यात या दोघांत गोंधळ होत नाही. तो होतो हिवाळ्यात, आणि मॅडमचा प्रश्न नेमका हिवाळ्यातला आहे.

तुळजापूर रोड
२५ जानेवारी, रात्री ८.४५

सर्वांचे मनापासून आभार. आपण सांगितल्याप्रमाणे मी शुक्रवारी संध्याकाळी पुन्हा तलावावर गेले, आणि आज मुलांना घेऊनही संध्याकाळचीच वेळ ठेवली.

शुक्रवारी साडेपाचला पोहोचले. तोच पक्षी, किंवा त्याच्यासारखाच दुसरा, जवळजवळ त्याच फांदीवर होता. या वेळी मी फक्त पाठ पाहिली. शेकाट्या यांनी लिहिल्याप्रमाणे ठिपके ओळीतच होते. त्याच झुडपात आतल्या बाजूला आणखी चार तपकिरी पक्षी आणि दोन प्रौढ रातबगळे दडलेले होते, जे पहिल्या दिवशी ४० मिनिटे तेथेच उभी असूनही मला दिसले नव्हते. सूर्य मावळल्यानंतर दहा-पंधरा मिनिटांनी एका पक्ष्याने अंग झटकले आणि मान बाहेर काढली. ती मान पाहून मला भीमाकाठ यांचे वाक्य आठवले; कोंबडीएवढ्या गोळ्यातून एकदम बगळा तयार झाला. मग एकामागून एक "वॉक", "वॉक" करत सगळे पाण्यावरून पलीकडे गेले. पंखांत पांढरे काहीच नव्हते.

पाणलाव्याची पांढरी रेघ मला पहिल्या दिवशी दिसली होती की नाही, हे खरेच आठवत नाही. शुक्रवारी आणि आज तो दिसलाही नाही. मधल्या दिवसांत पाण्याची कड बरीच खाली गेली आहे आणि ताजा चिखल आता पलीकडच्या बाजूला आहे. म्हणून वहीत मी २० तारखेसमोर पाणलावा, जात निश्चित नाही, एवढेच लिहिले आहे.

आज मुलांना मी नाव आधी सांगितले नाही. त्यांना दुर्बीण दिली आणि पाठीवर काय दिसते ते काढायला सांगितले. बत्तीस जणांपैकी बहुतेकांनी ठिपके काढले. एका मुलीने ते ओळीत काढले आणि प्रत्येक ओळीत किती आहेत हेही मोजून लिहिले. वंचक त्यांनी स्वतःच शोधला. तो उडाला तेव्हा पंख पांढरे झालेले पाहून सगळी मुले एकदम ओरडली, आणि त्या आवाजाने बाभळीतील एक रातबगळा उडाला, याचे मला वाईट वाटले. पुढच्या वेळी त्यांना आणखी मागे, बांधावरच उभे करीन.

पाणकणीस ताई, तांबूस बिटर्न पाहायला भाद्रपदात मुलांना आपल्या गावाकडे आणले तर चालेल का? वीसपेक्षा जास्त मुले आणणार नाही.

पाणकणीस
२५ जानेवारी, रात्री ९.३०

अवश्य आणा, मॅडम. ओढ्यात पाणी थांबले की मी येथेच कळवीन. दहा-दहाच्या दोन तुकड्या करा आणि संध्याकाळी पाचच्या आधी पोहोचा. बांधावर बसायला जागा आहे, पण अंगावर गडद कपडे असू द्या.